लाईटच्या गडबडीनंतर कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होतोय? भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करा

मे संपत आला की वळवाचा पाऊस गडगडत येतो, माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट चार-पाच वेळा येते-जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात, "अरे कॉम्प्युटर चालू होतो, बंद होतो, परत आपोआप चालू होतो, काय करू?" ऑक्टोबरात पाऊस परतताना पुन्हा तेच. आणि दरवेळी लोक तीच चूक करतात, थेट विंडोज फॉरमॅट करून घेतात नाहीतर दुकानात जाऊन मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलून आणतात, आणि घरी आणून लावला की कॉम्प्युटर परत रिस्टार्ट व्हायला लागतो, कारण बिघाड त्यात नव्हताच.

गोव्यात पेडण्याला माझ्या बहिणीकडे गेल्या पावसाळ्याआधी हेच झालं. एका दुकानात फॉरमॅट मारून दिला, भाचीचा कॉलेजचा पूर्ण प्रोजेक्ट गेला, आणि बिघाड निघाला यूपीएसमधे. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. क्रम तोडू नका, कारण पुढच्या पायरीचा निकाल आधीच्या पायरीवर अवलंबून आहे.

हे घरच्या डेस्कटॉपसाठी आहे. लॅपटॉपला पहिली, तिसरी आणि सहावी पायरी चालेल, बाकी नाही.

सगळ्यात आधी: हात थांबवा

रिस्टार्ट होतोय म्हणून परत परत बटण दाबून बघू नका. प्रत्येक अर्धवट चालू होण्यात हार्ड डिस्कवर काहीतरी लिहिलं जात असतं आणि मधेच वीज तुटते, असं वीस वेळा झालं की जी डिस्क चांगली होती तीही बिघडू शकते. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, राउटरकडून येणारी लॅनची वायर पण काढा.

जळका वास, चटचट आवाज, एसएमपीएसच्या (म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) जाळीजवळ काळा डाग, यातलं काहीही असेल तर तो एसएमपीएस परत चालू करायचाच नाही. सरळ पाचव्या पायरीतला बदलण्याचा भाग वाचा. आणि बाहेर अजून गडगडत असेल तर आज काहीच करू नका, उद्या करा.

तयारी

टेस्टर, साधा डिजिटल मल्टिमीटर, स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, कोरडा मऊ ब्रश, पेन्सिलचा खोडरबर, मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलसाठी सीआर२०३२ चा नवा सेल. पायात कोरड्या रबरी चपला आणि हात कोरडे. पावसाळ्यात फरशी घाम आल्यासारखी ओली असते, तिथे बसून हे काम करू नका, लाकडी टेबल घ्या. शेजारी, मित्र कोणाकडे चालू एसएमपीएस किंवा रॅमची पट्टी उसनी मिळत असेल तर आत्ताच विचारून ठेवा, अर्धा वेळ वाचतो.

आणि एक वही. त्यात आधी तीन गोष्टी लिहून काढा. विजेचं नक्की काय झालं, म्हणजे बल्ब एकदम लख्ख झाले की मंद झाले, गडगडाट होता का, मेन स्विच पडला का. घरात दुसरं काय बिघडलं, फ्रिज, पंखा, टीव्ही, राउटर. आणि कॉम्प्युटर चालू केल्यापासून किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी बंद होतो. तिसरं उत्तर सगळ्यात कामाचं आहे आणि तेच कोणी सांगत नाही, सगळे म्हणतात "मधेच होतो".

अजून एक, हे लोक हमखास विसरतात. विंडोज १० किंवा ११ असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करत असाल तर डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला कुलूप लावायचं फीचर) लॉक केलेली असू शकते. पुढे सेल काढल्यावर कॉम्प्युटर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. मोबाईलवरून त्याच अकाउंटमधे जाऊन की आहे का बघा आणि वहीत उतरवून ठेवा.

पायरी १: घरची वीज तपासा

कॉम्प्युटर बाजूला ठेवा. आधी घरातले दिवे बघा. आपल्या घरात बल्ब जास्त पांढरे, पंखा नेहमीपेक्षा जोरात आणि शेजारच्या घरात सगळं मंद, किंवा फ्रिज चालू झाला की दुसऱ्या खोलीतला दिवा उलट जास्त उजळतो, असं असेल तर खांबावर न्यूट्रल तुटलाय किंवा ढिला झालाय असं धरून चाला. वाड्यावर (वस्तीत) तीन फेज येतात, घरं त्यांच्यात वाटलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरात २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं, आणि जिथे लोड जास्त तिथे दीडशेवर येतं. अशा वेळी मेन स्विच बंद करा, १९१२ वर फोन करा, शेजाऱ्यांनाही सांगा. स्वतः खांबाकडे जाऊ नका.

दिवे ठीक वाटले तर टेस्टर. सॉकेटकडे तोंड करून उजवं भोक फेज, डावं न्यूट्रल, वरचं मोठं अर्थ. टेस्टर फक्त उजव्यात पेटला पाहिजे. डाव्यातही पेटला तर न्यूट्रल गेलाय, फक्त डाव्यात पेटला तर वायरी उलट आहेत. अर्थमधे पेटला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोपर्यंत त्या सॉकेटला काहीच लावू नका.

मग मल्टिमीटर. डायल एसीच्या ७५० किंवा ६०० वर. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना हे दोनदा बघा, ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटमधे घातली तर सरळ शॉर्ट होतो. मीटरच्या काड्या धरताना बोटं टोकापासून लांब.

फेज आणि न्यूट्रलमधे २३० च्या आसपास यायला हवं. २१०-२४५ असेल तर चालेल. फेज आणि अर्थमधे जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमधे दोन-तीन व्होल्टच्या आत चांगलं, पाचच्या वर सतत दिसलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल तपासून घ्या. फेज-अर्थ खूपच कमी आलं किंवा आकडा नुसता हलत राहिला तर अर्थिंग नाहीच म्हणून समजा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याचंही सहसा हेच कारण, एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि अर्थ नसला की त्याला जायला वाट नसते. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर एप्रिल-मेमधे अर्थिंगचा खड्डा सुकून कडक होतो, त्यात पाणी ओतत राहावं लागतं, आणि ते कोणी करत नाही.

हे रीडिंग एकदाच घेऊन गप्प बसू नका. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी सात ते नऊमधे एकदा, जेव्हा सगळ्यांचे पंखे, एसी, मिक्सर चालू असतात. बऱ्याच ठिकाणी दुपारी २३५ आणि रात्री १९० असा प्रकार असतो.

तपासा: संध्याकाळी व्होल्टेज २०० च्या खाली जातंय आणि कॉम्प्युटरही संध्याकाळीच रिस्टार्ट होतोय? मग पुढे कॅबिनेट उघडायच्या आधी वीज नीट करून घ्या.

पायरी २: मधलं सगळं काढून टाका

यूपीएस, स्टॅबिलायझर, स्पाइक बस्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं बाजूला. कॅबिनेटची पॉवर कॉर्ड बदला, मॉनिटरची साधारण तशीच असते, ती लावून बघा. मग कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत नेऊन तिथल्या भिंतीच्या सॉकेटमधे थेट लावा, लॅन न लावता. अर्धा तास चालवा.

चालला? मग कॉम्प्युटर ठीक आहे, गुन्हेगार मधला कोणीतरी आहे. एक एक करून परत जोडा, एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास.

यूपीएसबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात जास्त वेळा तोच असतो. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, आपल्याकडच्या उकाड्यात कधी त्याहून कमी. बॅटरी मेली तरी लाईट असेपर्यंत यूपीएस हिरवा दिवा दाखवत बसतो, त्यामुळे कळत नाही. व्होल्टेज जरासं खाली आलं की तो बॅटरीवर जायला बघतो, बॅटरी अर्धा सेकंदही धरत नाही, कॉम्प्युटर बंद, व्होल्टेज परत आलं की चालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटर स्वतःच रिस्टार्ट होतोय. तपासायला कॉम्प्युटर काढून यूपीएसवर ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब पाचेक मिनिटं नीट जळला पाहिजे. लगेच विझला, लुकलुकला किंवा यूपीएसमधून रिलेचा टकटक आवाज येत राहिला तर बॅटरी किंवा यूपीएस गेला. भाचीच्या यूपीएसचं असंच होतं, टकटक आवाज महिनाभर येत होता आणि सगळ्यांना सवय झाली होती.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नव्हे, तो साधारण ३६० वॉटचा असतो. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लावलंत आणि यूपीएस जुनाच ठेवलात तर लाईट जाताच तो ओव्हरलोडने पडणार.

घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मलमधे तो लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो, पंख्याला कळत नाही पण कॉम्प्युटरचा एसएमपीएस फक्त १५-१७ मिलिसेकंद धरून ठेवतो, त्यामुळे दरवेळी रिस्टार्ट. स्विच यूपीएसवर टाका, बऱ्याच घरात एवढ्यानेच काम होतं.

स्पाइक बस्टरच्या आत एक छोटी चकती असते, एमओव्ही म्हणतात, ती जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेते आणि मोठा झटका आला की एकदाच घेऊन मरते. प्रोटेक्शनचा वेगळा दिवा असेल आणि तो बंद असेल तर तो आता साधा एक्स्टेन्शन बोर्ड उरलाय. फेकून द्या.

पायरी ३: नक्की कुठे रिस्टार्ट होतो ते पकडा

थेट भिंतीवर लावूनही रिस्टार्ट होतोय, तर आता ही एकच परीक्षा करा. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहून बायोसमधे (विंडोजच्या आधी येणारा मदरबोर्डचा सेटिंगचा स्क्रीन) जा. आत गेल्यावर काही बदलू नका, तो स्क्रीन तसाच अर्धा तास राहू द्या.

बायोसमधे अर्धा तास शांत राहिला, पण विंडोजचा लोगो आला की रिस्टार्ट होतो: विंडोज, डिस्क किंवा ड्रायव्हरकडे बघा, म्हणजे पायरी ६. पण आधी पायरी ४ मधली रॅमची सफाई करा, ती फुकट आहे.

बायोसमधेच रिस्टार्ट होतो: विंडोजचा काही संबंध नाही, पायरी ४ आणि ५. बायोस चालताना विंडोज सुरूच झालेली नसते, मग फॉरमॅट करून काय होणार? दुकानात कोणी फॉरमॅट सुचवला तर हे सांगा.

पंखे एक-दोन सेकंद फिरतात, थांबतात, परत फिरतात, स्क्रीनवर काहीच नाही: एसएमपीएस, रॅम, कुठेतरी शॉर्ट, किंवा मदरबोर्ड. पायरी ४ आणि ५.

विंडोज नीट चालते पण गेम, व्हिडिओ काही जड लावलं की बंद: कमजोर झालेला एसएमपीएस (पायरी ५) किंवा गरम होणं. बायोसमधे सीपीयूचं तापमान दिसतं. नुसतं बसल्या बसल्या ते वर वर जात ८५-९० च्या पुढे चाललं तर पंखा फिरतोय का बघा.

पायरी ४: कॅबिनेट उघडा आणि कमीत कमी ठेवा

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज उतरते. उघडल्यावर मोबाईलने चारही बाजूंनी फोटो काढा. हा फोटो नसल्यामुळे पुढच्या बटणाच्या त्या बारीक वायरी कुठे होत्या हे शोधत लोक तासभर बसतात. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

आधी नुसतं टॉर्चने बघा. मदरबोर्डवरचे गोल कपॅसिटर (छोट्या डबीसारखे भाग) वरून फुगलेत का, खाली तपकिरी चिकट आलंय का. आणि पाल, मुंग्या. हे खरंच बघा, आपल्याकडे पावसात ऊब शोधत पाल एसएमपीएसमधे किंवा मदरबोर्डच्या मागे जाते आणि दोन टोकं जोडून मरते, मुंग्या तर घरटंच करतात. मोरजी-हरमलसारख्या किनाऱ्याच्या गावात खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर येतो तोही दिसेल. ब्रशने कोरडं साफ करा, ओलं कापड नको.

मग ह्या क्रमाने, प्रत्येकानंतर बायोसमधे जाऊन दहा मिनिटं बघत:

१. सगळे यूएसबी काढा, फक्त कीबोर्ड ठेवा. प्रिंटर, वेबकॅम, पेन ड्राईव्ह सगळं. झटक्यात यूएसबीचं एखादं उपकरण शॉर्ट झालं की काही मदरबोर्ड स्क्रीनवर ओव्हर करंटचा मेसेज देऊन १५ सेकंदात बंद होतात. सगळं काढूनही तोच मेसेज आला तर कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची वायर मदरबोर्डवरून काढून बघा.

२. पॉवर बटणाची वायर मदरबोर्डवरून काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून चालू करा. आता नीट चालला तर नुसतं बटण अडकतंय. गंजलेलं बटण दाबलेलंच राहतं आणि बरोबर असंच दिसतं. दहा मिनिटांचं काम, पण ह्याच्यामुळे मदरबोर्ड बदललेले मी बघितलेत.

३. रॅम. पट्ट्या काढा, सोनेरी दात खोडरबरने हलके घासा, चुरा ब्रशने झाडा. एकच पट्टी लावून चालू करा, मग दुसरी, मग दुसरा स्लॉट. दोन्ही बाजूच्या खिटी टक करून बसल्या पाहिजेत.

४. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल आणि मदरबोर्डला स्वतःचा डिस्प्ले असेल तर कार्ड काढा. वेगळं लॅन कार्ड असेल तर तेही. गडगडाटाचा झटका पुष्कळदा लॅनच्या वायरीतून येतो. फायबरमधून नाही येत, पण राउटरचा अडॅप्टर विजेवरच असतो आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तांब्याची वायर असते.

५. हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या वायरी काढा. डिस्क नसताना बायोस स्थिर राहिला तर एखादी डिस्कच खाली ओढतेय.

६. शेवटी सेल. जुना काढून मीटर डीसी २० वर ठेवून मोजा, नवा ३ च्या थोडा वर असतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. काढल्यावर पाचेक मिनिटं थांबा मग नवा घाला. बायोसच्या सेटिंग्ज मूळच्या होतात, तारीख परत घालावी लागते. बिटलॉकरची की वहीत लिहिली ना?

इशारा: एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नका. रॅम साफ केली, सेल बदलला आणि कार्ड पण काढलं आणि मग चालला, तर कशामुळे चालला ते कळणार नाही आणि आठवड्याने परत बंद पडेल तेव्हा सगळं पहिल्यापासून.

पायरी ५: एसएमपीएस

एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुसरा चालू एसएमपीएस लावून बघणं. तो उसना मिळाला तर बाकी मोजमाप सोडून द्या.

नाही मिळाला तर कॉम्प्युटर चालू असताना मोकळ्या चार पिनांच्या मोठ्या कनेक्टरवर मोजा, डीसी २० वर. काळी वायर आणि पिवळी यांच्यामधे ११.४ ते १२.६, काळी आणि लाल यांच्यामधे ४.७५ ते ५.२५ यायला हवं. मीटर लावून ठेवून कॉम्प्युटरवर थोडं जड काम चालू करा, पिवळ्यावरचा आकडा ११.४ च्या खाली घसरला की एसएमपीएस दमलाय.

कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर एसएमपीएस सगळीकडून सुटा करा, प्लग काढलेला असताना २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर तिच्या शेजारच्या काळीला पेपर क्लिपने जोडा, मग प्लग लावा. पंखा फिरला आणि व्होल्टेज आलं तर तो पूर्ण मेलेला नाही एवढंच कळतं. लोड नसताना चांगलं दाखवणारे आणि लोड आल्यावर बसणारे एसएमपीएस पुष्कळ असतात, म्हणून पंखा फिरला की "एसएमपीएस ओके" म्हणू नका. सगळ्या वायरी काळ्या असतील तर ही परीक्षा अंदाजाने करू नका.

बदलायचा असेल तर वजनाला हलका, नाव नसलेला "४५० वॉट" घेऊ नका. ८० प्लसचं (वीज कमी वाया घालवतो याचं) मार्किंग आणि १००-२४० व्होल्ट इनपुट लिहिलेला घ्या, त्याला रात्रीचं कमी व्होल्टेज झेपतं. मागे लाल स्विच असलेला जुना असेल तर तो २३० वर आहे ना बघा.

पायरी ६: विंडोज आणि डिस्क

इथे फक्त बायोस स्थिर असेल तरच यायचं. पहिलं काम दुरुस्ती नव्हे, डेटा काढणं. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबी अडॅप्टरने लावा आणि फोटो, कागदपत्रं, हिशेब कॉपी करा. चेक डिस्क (डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्राम) आधी चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर ती फाईलींची वाट लावू शकते.

मग डिस्क परत लावून सुरू करा. लोगो येताना दोन-तीनदा बटण दाबून बंद केलं की विंडोज स्वतः रिकव्हरीचा निळा स्क्रीन आणते. डेटा बाहेर काढलाय म्हणूनच हे आता चालतं. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. येणाऱ्या यादीत फेल्युअरनंतरचा ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करायचा पर्याय असतो, तो घ्या. आता रिस्टार्ट व्हायच्या ऐवजी एररचा निळा (नव्या विंडोज ११ मधे काळा) स्क्रीन थांबून राहील, त्याचा फोटो काढा. त्याच यादीत सेफ मोडही आहे.

विंडोज उघडली तर इव्हेंट व्ह्यूअरमधे (विंडोजची नोंदवही) सिस्टमच्या लॉगमधे कर्नल-पॉवर ४१ शोधा. ४१ म्हणजे "नीट बंद न होता परत सुरू झाला" एवढंच, ते कारण नव्हे, लोक त्यालाच कारण समजून इंटरनेटवर शोधत बसतात. डीटेल्समधे बगचेक कोड शून्य असेल आणि आधी एररचा स्क्रीन आला नसेल तर बहुतेक वीजच तुटली, परत पायरी ५. शून्य नसेल तर विंडोज कोसळली, तो कोड शोधायचा.

डिस्कचं स्मार्ट स्टेटस (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ठीक असेल तर चेक डिस्क, मग सिस्टम फाईल चेकर, मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक, ह्या क्रमाने. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि तोही डेटा दुसऱ्या जागी उघडून बघितल्यावर.

पायरी ७: दुकानात नेताना

दुसरा एसएमपीएस लावून, एक रॅम ठेवून, डिस्क काढूनही बायोसमधे रिस्टार्ट होतोय, म्हणजे मदरबोर्ड किंवा सीपीयू. आता न्या. डिस्क घरी ठेवून न्या. वहीचं पान दाखवा, काय काय करून झालंय ते, आणि बदललेला जुना भाग परत मागा.

परत जोडल्यावर

कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही अर्थिंग असलेल्या सॉकेटवर घ्या. इलेक्ट्रिशियन येणारच असेल तर मेन बोर्डात टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर (झटका अर्थमधे सोडणारा) बसवून घ्या, पण अर्थिंग चांगलं नसेल तर आधी ते, नाहीतर त्याचा उपयोग नाही. गडगडायला लागलं की प्लग आणि लॅन दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून पुरत नाही.

आणि लगेच कॅबिनेटचं झाकण लावू नका. एक पूर्ण संध्याकाळ, सात ते दहा, एखादा मोठा व्हिडिओ लावून चालू ठेवा, तासातासाने सॉकेटवरचं व्होल्टेज वहीत लिहा, आणि तीन तासांत एकदाही रिस्टार्ट झाला नाही तर स्क्रू मारा.